किंग्ज क्रॉसला राहतो, पण शेजार सापडत नाही

प्रश्न: पत्र लिहिणाऱ्या वाचक मूळच्या डोंबिवलीच्या, वय छत्तीस. सात वर्षांपूर्वी नवऱ्यासोबत लंडनला आल्या. पहिली पाच वर्षं लंडनच्या वायव्येकडच्या हॅरो उपनगरात, मराठी-गुजराती ओळखीपाळखीत गेली. गेली दोन वर्षं किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागे, कालव्यापलीकडे उभ्या राहिलेल्या नव्या वस्तीत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतात. नवरा जवळच्याच एका संशोधन संस्थेत आहे, कामाला चालत जातो. मुलगी पुढच्या वर्षी रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात जाईल. आता घरमालकाला फ्लॅट विकायचा आहे आणि त्यानं आधी यांनाच विचारलं आहे. नवरा म्हणतो, घेऊन टाकू, एवढ्या मोठ्या स्टेशनजवळचं घर कधी तोट्यात जात नाही. यांचं मन मात्र घेत नाही. मजल्यावरच्या एकाही माणसाचं नाव अजून माहीत नाही. सासूबाई तीन महिने राहून गेल्या आणि निघताना म्हणाल्या, ‘विमानतळावर राहिल्यासारखं वाटलं गं.’ त्यातच मुलीच्या नर्सरीबाहेर ओळख झालेली, रस्त्यापलीकडच्या कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) घरांत आयुष्य काढलेली एक आजी सहज बोलून गेली, ‘हे सगळं आमच्यासाठी नाही बांधलेलं.’ ते वाक्य यांच्या मनातून जात नाही. फ्लॅट घ्यावा की परत हॅरोला जावं? आणि इथे राहून आपण कुणाला हुसकावलं तर नाही ना?

उत्तर:

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत: घर विकत घेण्याचा, शेजाराचा आणि त्या आजींच्या वाक्याचा. मी शेवटचा आधी घेते, कारण ते वाक्य कानावर पडल्यापासून तुम्ही बाकीच्या दोन्ही प्रश्नांकडे त्याच्याच चष्म्यातून बघताय असं मला वाटतं.

तुमचा फ्लॅट आज जिथे आहे तिथे आधी कोण राहत होतं? खरं सांगायचं तर जवळपास कुणीच नाही. ती ६७ एकर जमीन म्हणजे रेल्वेचा मालधक्का. किंग्ज क्रॉस स्टेशन सुरू झालं १८५२ मध्ये, आणि लिंकनशरहून येणारा गहू साठवायला मागची ग्रॅनरी बिल्डिंग उभी राहिली तीही त्याच सुमारास. शेजारी उत्तरेकडचा कोळसा उतरवायची जागा, पलीकडे गॅसच्या टाक्या. आज ज्यांच्या गोल लोखंडी सांगाड्यांत महागडे फ्लॅट आहेत, त्याच टाक्या. पुढे माल ट्रकनं जायला लागला, गोदामं ओस पडली आणि १९८०-९० च्या दशकांत किंग्ज क्रॉस म्हटलं की लोकांना वेश्यावस्ती आणि अमली पदार्थ आठवायचे. त्याच पडक्या गोदामांत नाइट क्लब चालत, कलाकारांना स्वस्तात जागा मिळत. २००६ मध्ये पुनर्विकासाला परवानगी मिळाली, २००७ च्या नोव्हेंबरात पॅरिसची युरोस्टार गाडी शेजारच्या सेंट पँक्रास स्टेशनात आली, २०११ मध्ये एक कला महाविद्यालय ग्रॅनरीत आलं, पुढच्या वर्षी कारंज्यांचा चौक खुला झाला. कोळशाच्या जागेत दुकानं आली २०१८ मध्ये.

गरिबांना हुसकावण्याची मोठी घटना या भागात घडली ती याच्या कितीतरी आधी. सेंट पँक्रास स्टेशनसाठी १८६० च्या दशकात आगार टाउन नावाची अख्खी गरीब वस्ती रेल्वे कंपनीनं पाडली आणि तिथल्या भाडेकरूंना वाऱ्यावर सोडलं. तुमच्या इमारतीचा इतिहास तसा नाही.

पण आजी ‘आमची घरं पाडली’ असं म्हणालेल्याच नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं का? त्या म्हणाल्या, आमच्यासाठी बांधलेलं नाही. ते बऱ्याच अंशी खरं आहे. प्रकल्पातल्या सुमारे दोन हजार घरांपैकी परवडणाऱ्या घरांचा जो आकडा आधी ठरला होता, तो नंतर कमी करून घेण्यात आला. शिवाय इंग्लंडमध्ये ‘परवडणारं भाडं’ म्हणजे बाजारभावाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतही असू शकतं. लंडनच्या मध्यावर ते कुणाला परवडतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या चौकात तुमची मुलगी उन्हाळ्यात कारंज्यांत भिजते तो सार्वजनिक वाटतो, पण खासगी मालकीचा आहे, आणि त्या मालकीत ऑस्ट्रेलियातल्या एका पेन्शन फंडाचा मोठा वाटा आहे. याच आवारात काही कॅमेऱ्यांवर चेहरा ओळखण्याचं तंत्र वापरलं गेल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं, तेव्हा बराच गदारोळ झाला आणि मालकांनी पुढची योजना गुंडाळली. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणाऱ्या माणसाला अशा चौकात पाहुण्यासारखं वाटलं तर त्यात नवल ते काय.

म्हणून माझं मत असं: तुम्ही भाडं भरून राहिलात म्हणून आजींच्या कुणाचं घर गेलेलं नाही, आणि तुम्ही हॅरोला गेलात म्हणून त्यांच्या नातवाला फ्लॅट मिळणार नाही. तुमच्या अपराधीपणाचा त्यांना काडीचा उपयोग नाही. तुमच्या मताचा होईल. दोन वर्षं त्या पत्त्यावर राहताय, भारतीय नागरिक असाल तरी राष्ट्रकुलाच्या नात्यानं तुम्हाला इथे मतदान करता येतं, आणि कॅम्डेन कौन्सिलच्या निवडणुकीत घरांचाच प्रश्न सर्वांत वर असतो. मतदार यादीत नाव आहे का तुमचं? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

आता शेजाराचं. तुम्ही लिहिता की दोन वर्षांत शेजार मिळाला नाही. पण तुमच्याच पत्रात एक शेजारीण आहे की. जिचं एक वाक्य तुम्हाला झोपू देत नाही, ती परकी कशी? ती तुमच्या मजल्यावर राहत नाही, एवढंच. शेजार म्हणजे आपल्या मजल्यावरची चार दारं, हे तुम्ही डोंबिवलीहून सोबत आणलंय. नव्या लंडनमधल्या फ्लॅटांच्या इमारतीत ती दारं फारशी उघडत नाहीत. काही फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात, काहींत वर्षाला भाडेकरू बदलतो. तिथे शेजार शोधलात तर हाती काही लागणार नाही, आणि तो दोष तुमचाही नाही.

हॅरोबद्दलही जरा थांबून विचार करा. तिथे तुम्हाला माणसं मिळाली हे खरं, पण ती कोण होती? पत्रात ज्यांची आठवण काढली आहे ते सगळे मराठी आणि गुजराती. आपल्या माणसांची ओढ असण्यात काही गैर नाही, मीही त्यातलीच. पण ती माणसं कुठे गेलेली नाहीत. मेट्रोपोलिटन लाइन किंग्ज क्रॉसहून थेट हॅरोला जाते. गणपती असो की दिवाळी, किंवा डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात एखादा कार्यक्रम (१९३२ पासून चालू आहे ते, आपण आळशी झालो तरी), मध्य लंडनमधून जाणं अवघड नाही. तुम्ही जात नाही. का जात नाही, याचं उत्तर घराच्या पत्त्यात सापडेल असं मला वाटत नाही.

तुमची वस्ती कुठे संपते, ते तुम्ही मनात ठरवून टाकलेलं दिसतं: जिथे नवी फरशी संपते तिथे. पँक्रास रोड ओलांडून पलीकडे सोमर्स टाउनमध्ये जा. सेंट पँक्रास आणि युस्टन या दोन स्टेशनांच्या मधली ही चिंचोळी वस्ती. १९२४ मध्ये एका तरुण पाद्र्यानं, बेसिल जेलिकोनं, इथल्या कोंदट घरांच्या जागी चांगली घरं बांधायला संस्था काढली. त्या इमारतींच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या खांबांवरही शिल्पं बसवली होती. गरिबांच्या दोरीवरचे कपडेसुद्धा शोभेच्या खांबाला बांधावेत असं वाटणारा माणूस मला फार आवडतो. आज तिथे बांगलादेशी कुटुंबं खूप आहेत, चाल्टन स्ट्रीटला बाजार भरतो, आणि युस्टनच्या पलीकडे ड्रमंड स्ट्रीटवर भेळ मिळते. दुसऱ्या बाजूला यॉर्क वे ओलांडली की इस्लिंग्टन लागतं, म्हणजे कौन्सिलच बदलते, आणि कॅलेडोनियन रोडच्या आसपास जुनी कुटुंबं आहेत. तुमच्या घरापासून हे सगळं पायी होण्यासारखं आहे. तरी पत्रात सोमर्स टाउनचं नावसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी मुलीची शाळा सुरू होईल आणि तेव्हा बरंच काही आपोआप बदलेल, कारण शाळेच्या फाटकाशी रोज सव्वातीनला उभं राहावं लागतं आणि माणसं तिथेच भेटतात. तुमच्या आवारात २०१५ पासून किंग्ज क्रॉस अकॅडमी आहे. कर्णबधिर मुलांची फ्रँक बार्न्स शाळाही त्याच इमारतीत. प्रवेशाचा अर्ज ती ज्या सप्टेंबरात जाणार त्या वर्षीच्या १५ जानेवारीपर्यंत तुमच्या कौन्सिलकडे करायचा असतो. घर मालकीचं की भाड्याचं, याचा त्याच्याशी संबंध नसतो. हे मुद्दाम सांगते, कारण ‘शाळेसाठी तरी घर घ्यायला हवं’ हा युक्तिवाद पुढच्या चार महिन्यांत तुमच्या घरात होणार आहे. अर्ज करताना तुम्ही खरोखर त्या पत्त्यावर राहत असायला हवं, तेवढंच. शाळेला वेळ आहे तोवर कॅम्ली स्ट्रीटचं नॅचरल पार्क गाठा. कालव्याच्या काठी, कोळशाच्या जुन्या जागेवर दोन एकरांत १९८५ पासून हे छोटं रान जपलंय. तिथे स्वयंसेवक लागतात. हातात फावडं दिलं की माणसं पटकन बोलायला लागतात, असा अनुभव आहे.

सासूबाई पुन्हा येतील तेव्हा त्यांना दुकानांत फिरवू नका. कालव्याच्या कडेनं पश्चिमेला चालत निघालात की कॅम्डेन लॉक ओलांडून प्रिमरोझ हिल येतं. तिथे १०, किंग हेन्रीज रोडच्या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या. आणि सेंट पँक्रासला लागून जी लाल विटांची मोठी इमारत आहे, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची, म्हणजे ब्रिटिश काळात भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याची दप्तरं आहेत, जुनी मराठी छापील पुस्तकंही आहेत. वाचक पास फुकट मिळतो. विमानतळावर पुस्तक मागवून वाचत बसता येत नाही, हे सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा.

आता नवऱ्याचं म्हणणं. स्टेशनजवळचं घर म्हणजे सोनं, हे डोंबिवलीकराच्या हाडात मुरलेलं असतं, आणि तिथे ते बरोबरच आहे. पण त्यांना एक विचारा. ते कामाला चालत जातात. मग त्या सहा ट्यूब लाइनी, उत्तरेकडच्या गाड्या, पॅरिसची गाडी, यांतलं रोज वापरतं कोण? सोय मोठी आहे खरी. हीथ्रोहून पिकाडिली लाइननं आई-बाबा थेट येतात, थेम्सलिंकनं गॅटविक आणि ल्युटन दोन्ही गाठता येतात. पण त्या सोयीची किंमत फ्लॅटच्या आजच्या भावात आधीच मोजलेली आहे. तुम्ही ती पूर्ण चुकवणार. पुढच्या वाढीची हमी त्यातून मिळत नाही. उलट, लंडनमधल्या फ्लॅटचे भाव गेली काही वर्षं स्वतंत्र घरांच्या मानानं मागेच रेंगाळले आहेत, आणि त्याची कारणं स्टेशनाशी नव्हे तर कागदपत्रांशी निगडित आहेत.

तो फ्लॅट लीजहोल्ड असणार. म्हणजे तुम्ही जमीन-इमारत घेत नाही, ठरावीक वर्षांचा हक्क घेता, आणि खर्च ठरवणारा दुसराच कुणी असतो. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट (जमिनीच्या मालकाला द्यायचं भाडं) घेता येत नाही, पण त्याआधीच्या लीजवर असतं. ते किती वर्षांनी आणि कशा पटीत वाढतं ते कलम स्वतः वाचा. अशा मोठ्या आवारांत सर्व्हिस चार्ज, म्हणजे देखभालीचा खर्च, अनेकदा दुहेरी असतो: एक इमारतीचा, एक संपूर्ण आवाराचा. ती सुंदर फरशी, ती झाडं, ते सुरक्षारक्षक, सगळ्याचं बिल शेवटी कुणाकडे तरी जातं. तुमचा सॉलिसिटर (वकील) इमारतीच्या खर्चाची माहिती देणारा एलपीई१ नावाचा फॉर्म फ्रीहोल्डरकडून, म्हणजे जमीन-इमारतीच्या मालकाकडून भरून घेतो. त्यासोबत मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागा. आकडा किती आहे यापेक्षा दरवर्षी किती वाढला ते बघा, आणि राखीव निधीत काही शिल्लक आहे का तेही.

उष्णता आणि गरम पाणी तिथे सामाईक केंद्रातून येतं, म्हणजे पुरवठादार बदलण्याची मुभा नाही. आता निदान १ एप्रिल २०२५ पासून अशा ग्राहकांना एनर्जी ऑम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे तक्रार नेता येते. तुम्ही दोन वर्षं ती बिलं भरताय. ही माहिती बाहेरच्या खरेदीदाराकडे नसते, तिचा वापर करा.

सर्वांत महत्त्वाचं, आणि हे भल्याभल्यांना माहीत नसतं: लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर आलेल्या २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानं ११ मीटरपेक्षा किंवा चार मजल्यांपेक्षा उंच इमारतींतल्या फ्लॅटधारकांना आगीसंबंधीच्या जुन्या दोषांच्या खर्चापासून संरक्षण दिलं. पण सगळ्यांना पूर्ण नाही. १४ फेब्रुवारी २०२२ या दिवशी तो फ्लॅट त्या वेळच्या मालकाचं मुख्य घर होता का, किंवा त्याच्या नावावर ब्रिटनमध्ये एकूण तीनपेक्षा जास्त घरं होती का, यावर ते ठरतं. आणि तो शिक्का फ्लॅटसोबत पुढच्या मालकाकडे येतो. तुमचा घरमालक गुंतवणूकदार असेल तर हा प्रश्न आधी विचारा. हे सिद्ध करणारं ‘लीजहोल्डर डीड ऑफ सर्टिफिकेट’ मागा, इमारतीच्या बाहेरच्या भिंतींच्या आगीच्या तपासणीचा ईडब्ल्यूएस१ फॉर्म आहे का विचारा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा, पुढे वकिलाची फी वाढवत बसू नका.

राहिला प्रश्न घाईचा. घरमालक विकणार म्हणजे आपल्याला रस्त्यावर यावं लागेल, या धास्तीनं अनेकजण नको तो फ्लॅट घेऊन बसतात. इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून विनाकारण घर रिकामं करायला लावणारी सेक्शन २१ ची नोटीस बंद. विकायचंय हे कारण त्याला देता येतं, पण चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि विकायचं सांगून बाहेर काढल्यावर वर्षभर तो फ्लॅट पुन्हा भाड्यानं देता येत नाही. भाडंही वर्षातून एकदाच, दोन महिने आधी कळवून वाढवता येतं, आणि ते बाजारभावापेक्षा जास्त वाटलं तर ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) जाता येतं. भाडेकरूचं आयुष्य पूर्वीइतकं टांगणीला लागलेलं नाही.

मला विचाराल तर हा फ्लॅट आत्ता घेऊ नका, आणि हॅरोलाही आत्ता जाऊ नका. मुलीची शाळा सुरू होऊन पहिलं वर्ष होईपर्यंत याच भागात भाड्यानं राहा. हाच फ्लॅट नाही मिळाला तर कालव्याच्या या किंवा त्या बाजूला दुसरा. मग ठरवा. तोवर तुमच्या नवऱ्यालाही कळेल की त्यांना त्या वस्तीत राहायचंय की नुसतं कामाजवळ. त्यांची नोकरी उद्या केंब्रिजला गेली तर? प्रकल्पांवर चालणाऱ्या नोकऱ्यांत हे होतं, आणि किंग्ज क्रॉसहून केंब्रिजला गाडी आहे म्हणून प्रश्न संपत नाही. वर्षभरानं तुमचंही मन हॅरोकडेच ओढ घेत असेल तर बिनदिक्कत जा. त्यात हार कसली? पण तेव्हा तुम्ही इथल्या माणसांना ओळखून जात असाल.

एकच अपवाद. किंमत खरोखर कमी सांगितली असेल, वरचे सगळे कागद स्वच्छ निघाले, आणि निदान दहा वर्षं तिथेच राहायची दोघांची मनापासून तयारी असेल, तर नवऱ्याचं ऐका. किंमत कमी आहे की नाही हे घरमालकाच्या शब्दावर ठरवू नका. तुमच्याच इमारतीतले मागचे विक्रीचे भाव लँड रजिस्ट्रीच्या नोंदींत फुकट बघता येतात. पहिलं घर म्हणून मिळणारी स्टॅम्प ड्यूटीची सवलत पाच लाख पौंडांच्या वरच्या घराला लागू होत नाही, म्हणजे तिथल्या दोन बेडरूमना ती मिळण्याची आशा जवळजवळ सोडा.

घरमालकाला उत्तर ईमेलनं पाठवा, तोंडी नको. लिहा की रस आहे, पण लीजची प्रत, तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब आणि ते सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय आकड्यावर बोलणार नाही. मुदत त्यानं घातली असेल तर ती वाढवून मागा. आणि आजी पुन्हा भेटल्या की त्यांना नाव विचारा. पत्रात ते कुठेच नाही.